दोनदा दहा वर्षांची

(हॉस्पिटलातली नोंदणीची खिडकी.)

कारकून : नाव झालं, पत्ता झाला. वय?

जावई : एकोणचाळीस.

सासरे : एक्केचाळीस.

कारकून : एक काहीतरी सांगा. मागे रांग आहे.

जावई : एकोणचाळीस लिहा. माझी बायको आहे... होती. मला माहीत आहे.

सासरे : माझी मुलगी होती. एक्केचाळीस लिहा.

जावई : बाबा, तुम्ही त्या बाकावर बसा बरं. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही तुम्ही.

सासरे : मी पाणी प्यायलो नाही म्हणून तिचं वय वाढत नाही. एक्केचाळीस.

कारकून : ओळखपत्र आणलंय का?

जावई : हे घ्या.

कारकून : ह्याच्यावरून एकोणचाळीस होतात.

सासरे : ते चुकीचं आहे.

कारकून : आजोबा, कार्डावर असेल तेच मला लिहावं लागतं. दुरुस्त करायचं होतं तर ज्याचं कार्ड त्यानं जिवंतपणी यायला हवं होतं.

सासरे : अहो, ते वर्ष मीच घातलंय म्हणून तर सांगतोय!

कारकून : साहेब, तुम्ही सांगा. काय लिहू?

जावई : कार्डावरचं लिहा.

कारकून : कामधंदा?

जावई : टेनिस शिकवायची. लहान मुलांना, क्लबच्या कोर्टावर.

कारकून : 'प्रशिक्षक' लिहितो. कुठे घडलं?

जावई : कोर्टावरच. बॉलची टोपली शेजारी होती. एकेक बॉल टाकत होती मुलांना. टोपली अर्धी झाली आणि ती खाली बसली. मुलांना वाटलं, बुटाची नाडी बांधतेय. रांगेत उभी राहिली मुलं तशीच, आपापली पाळी यायची वाट बघत.

कारकून : किती वेळ?

जावई : ते मी नाही विचारलं मुलांना.

कारकून : हं. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहिलंय. आधी काही त्रास होता?

जावई : मनगट दुखायचं. पंधरा वर्षं.

कारकून : मनगटाचं इथे नाही लिहायचं. सही करा. इथे, आणि मागच्या बाजूला.

जावई : बाबा, एक्केचाळीस म्हणजे काय?

सासरे : आज नको.

जावई : सोळा वर्षं संसार केलाय मी तिच्याबरोबर.

सासरे : आज तिला घरी न्यायचंय. तेवढं एकच काम आज माझ्याच्यानं होईल.

(पंधरा दिवसांनंतर. रॅकेटच्या तारा भरून द्यायचं जावयाचं दुकान. वर घर आहे.)

सासरे : शटर अर्धंच उघडलंय. मला वाटलं बंद आहे.

जावई : जरा वाकून या आत.

सासरे : वाकायला गुडघे कुठे राहिलेत? चाळीस वर्षं कोर्टावर माती दाबायचा रूळ ओढला. रूळ अजून तसाच आहे, गुडघे गेले.

जावई : त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. हे घ्या. ती मुद्दाम त्याच्यावर बसायची. म्हणायची, डुगडुगत्या स्टुलावर बसलं की माणूस जागा राहतो.

सासरे : तिचं सगळं असलंच. बरं, हा कागद बघा. क्लबच्या सेक्रेटरीनं दिलाय. कोर्टाच्या भिंतीवर तिची पाटी लावणार आहेत. तुमचा होकार हवा. वाचा जरा, माझा चष्मा घरी राहिला.

जावई : चष्मा तुमच्या वरच्या खिशात आहे, बाबा.

सासरे : असू दे. तुम्ही वाचा.

जावई : वर नाव. खाली जन्माचं वर्ष, रेघ, आणि हे वर्ष. मग 'बारा वर्षांखालील गटाची विजेती. चौदा वर्षांखालील गटाची विजेती. याच कोर्टावर ती घडली आणि याच कोर्टावर तिने मुलांना घडवले.'

सासरे : चांगलं लिहिलंय.

जावई : जन्माचं वर्ष कुठलं आहे, पाहिलंत?

सासरे : कार्डावरचंच असणार.

जावई : म्हणजे खोटं.

सासरे : हळू बोला.

जावई : ऐकायला आहे कोण? पंधरा दिवसांत शटरखालून मांजराशिवाय कुणी आत आलं नाही. बाबा, त्या दिवशी तुम्ही 'आज नको' म्हणालात. आता सांगा.

सासरे : सांगतो. मध्ये बोलू नका, नाहीतर माझी गाडी तिथेच बसेल.

जावई : नाही बोलत.

सासरे : तुम्हाला माहीतच आहे, मी क्लबवर कोर्टवाला होतो. पहाटे पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग चुन्याच्या रेघा. ही आपली बारकी माझ्या मागेमागे असायची. कुणीतरी मोडकी रॅकेट टाकून दिली होती, तिची मूठ मी कापून तिच्या हाताएवढी केली. कपडे बदलायच्या खोलीमागे भिंत आहे ना, तिच्यावर जाळीच्या उंचीला एक रेघ मारून दिली. रोज हजार बॉल. तिची आई वरच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून ओरडायची, भिंतीशी लग्न लावून द्या आता पोरीचं.

जावई : त्या भिंतीची गोष्ट ती सगळ्या मुलांना सांगायची.

सासरे : बोलू नका म्हटलं ना.

जावई : चुकलो.

सासरे : अकरा वर्षांची झाली, तेव्हा तिला पहिल्यांदा कुणीतरी स्पर्धेचं सुचवलं. मी तिच्या वयाच्या पोरी बघून आलो. पाचव्या वर्षापासून शिक्षक लावून शिकलेल्या. आमची भिंतीकडून शिकलेली. भिंत काय, तुम्ही मारता तसंच परत देते, नवीन काही शिकवत नाही. मला वाटलं, ह्या पोरीला अजून दोन वर्षं मिळायला हवीत. कुणी देणारं नव्हतं. म्हणून मी घेतली.

जावई : कशी?

सासरे : शाळा बदलली. नव्या शाळेच्या अर्जात वर्ष बदललं. सहावीतून काढून चौथीत बसवली. अंगानं बारकी, नावानंही बारकी, खपून गेलं. तिची आई म्हणाली, पोरीचं वय म्हणजे काय भाजीचा भाव आहे का, घासाघीस करून उतरवायला? पण मी ऐकतोय कुणाचं.

जावई : आणि तिला काय सांगितलंत?

सासरे : तिला सांगितलं, आजपासून तू नऊ वर्षांची. कुणी विचारलं तर नऊ. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, 'म्हणजे बाबा, मला दहावा वाढदिवस परत येणार?' म्हटलं, येणार. उड्या मारायला लागली. आणि चौथीत पहिला नंबर आला तिचा. न यायला काय झालं, सगळं आधीच झालेलं.

जावई : मग ते बारा वर्षांखालचं...

सासरे : तेव्हा ती तेरा पूर्ण होती. फायनलला समोर एक पोर होती, दोन वेण्या घातलेली, रॅकेट तिच्याहून मोठी. बारकीनं तिला एक गेम घेऊ दिला नाही. शेवटी हात मिळवायला जाळीपाशी आली ती पोर, हुंदके देत. मी खुशीत. सायकलवर कप पुढे, बारकी मागे. दारात उतरली आणि म्हणाली, 'बाबा, ती खरंच लहान होती.'

जावई : तुम्ही काय म्हणालात?

सासरे : म्हटलं, रॅकेट पुसून ठेव. त्या दिवसानंतर तिनं वाढदिवस करू दिला नाही.

जावई : मलाही कधी करू दिला नाही. पहिल्या वर्षी मी केक आणला, तर तो तसाच उचलून कोर्टावरच्या मुलांना देऊन आली. मी म्हटलं, किती ही नाटकं.

सासरे : नाटक नव्हतं ते.

जावई : आता कळलं. आणखीही एक आत्ता कळतंय. ती नवीन मुलाला घेताना जन्माचा दाखला मागायची. मूळ प्रत, झेरॉक्स चालायची नाही. पालक वैतागायचे. एकानं तोंडावर विचारलं, मॅडम, तुम्ही टेनिस शिकवता का पासपोर्ट काढता? आणि गेल्या वर्षी एका मुलीला स्पर्धेच्या दिवशी सकाळी घरी पाठवलं. चांगली खेळणारी पोर. दाखल्यात खाडाखोड होती. तिच्या बापाला म्हणाली, 'तुम्ही तुमच्या मुलीची दोन वर्षं काढून घेताय.'

सासरे : काढून घेताय, म्हणाली?

जावई : हो.

सासरे : देताय, असं नाही?

जावई : काढून घेताय. मी तिथेच उभा होतो. तो बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्या मिसेसना जरा आवरा. आणि बाबा, मीही घरी येऊन तिला म्हटलं, जरा अतीच करतेस. ती भांडी घासत राहिली.

सासरे : पाणी आहे का?

जावई : तांब्या तुमच्या उजव्या हाताला आहे.

सासरे : मी तिच्या भल्यासाठी केलं, असं चाळीस वर्षं... नाही, तीस वर्षं म्हणत आलो. आणि तिनं तरी काय केलं? मोठ्या स्पर्धेला, मुख्य फेरीत जायला एक मॅच उरली असताना, समोरची काही खास नसताना हातपाय गाळले. तुम्ही तर होतात तिथे. सगळे बॉल वीतभर बाहेर. मी जन्मभर रेघा मारलेला माणूस आहे, जावईबापू. एक बॉल बाहेर गेला तर ते नशीब. वीस गेले तर ते मन. मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं, तुझं मन मेलंय, सोड हे. आणि तीन वर्षं तिच्याशी बोललो नाही.

जावई : बाबा, ते मन नव्हतं.

सासरे : मग काय होतं?

जावई : तारा होत्या.

सासरे : कसल्या तारा?

जावई : तिच्या रॅकेटच्या. तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. त्या स्पर्धेत सगळ्यांच्या रॅकेटमध्ये तारा भरायचं, गटिंगचं काम मीच करत होतो, तिच्याही चार होत्या. तिला तारा चोवीस किलोच्या ताणानं लागायच्या, अगदी करकरीत. पण मनगट सुजलेलं. डॉक्टर म्हणाले होते, इतक्या कडक तारांनी हात कायमचा जाईल. ती ऐकायला तयार नव्हती. म्हणून मी एकवीसनं भरल्या. चारही. आणि चिठ्ठीवर चोवीस लिहिलं.

सासरे : एकवीसनं काय होतं?

जावई : हाताला मऊ लागतं. पण बॉल जास्त उडतो. लांब जातो.

सासरे : किती लांब?

जावई : वीतभर.

सासरे : वीतभर!

जावई : अजून आहे. दुसऱ्या सेटच्या मध्ये तिनं एका मुलीच्या हाती रॅकेट माझ्याकडे पाठवली. निरोप होता, सैल वाटतेय, बघ. मी हातात घेतली. तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं सांगितलं असतं की थोड्या सैल आहेत, बेतानं मार, तर तिनं पाच मिनिटांत हात बसवला असता. तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण सगळे बघत होते आणि मी घाबरलो. तारांवर बोट वाजवल्यासारखं केलं आणि परत पाठवली. निरोप दिला, चोवीसच आहे.

सासरे : चोवीसच आहे?

जावई : हो.

सासरे : अरे, तू माणूस आहेस का कोण? पोरगी विचारतेय तुला, काय झालंय, आणि तू...! मी तिला तिथे भर लोकांत मेलेल्या मनाची म्हटलं, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास! माझ्या शेजारी! हातात तिची पिशवी धरून!

जावई : हो.

सासरे : तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का?

जावई : हो, बाबा.

सासरे : हो काय, हो काय! तीन वर्षं मी पोरीशी बोललो नाही. तिची आई गेली त्यातच. आईला मध्ये ठेवलेलं, पलीकडून ती मला विचारत होती, 'बाबा, चादर कुठली घालू', आणि मी शेजारणीला सांगितलं, तिला म्हणावं निळी घाल. असं बोलत होतो मी तिच्याशी. तुझ्या तीन किलोपायी!

जावई : आणखी एक सांगायचंय. मग हवं तर मला मारा. मॅच संपल्यावर ती बाहेर आली, पायऱ्यांवर बसली, बूट सोडले. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, 'ती दोन वर्षं माझी नव्हतीच. आज परत गेली.' मला अर्थ कळला नाही. मला वाटलं, ऊन लागलंय, काहीबाही बोलतेय. तुम्हाला कळतोय का अर्थ?

सासरे : कळतोय.

जावई : हॉस्पिटलात त्या खिडकीसमोर तुम्ही एक्केचाळीस म्हणालात, तेव्हा मला थोडा कळला, बाकीचा आत्ता. तिला वाटलं, लहानपणी त्या पोरींना फसवून जिंकली, त्याची शिक्षा मिळाली. म्हणून एकदाही कुणाला दोष दिला नाही. तारांना नाही, मला नाही, तुम्हाला नाही. महिन्याभरात खेळणं सोडलं आणि शिकवायला लागली. लोक म्हणायचे, किती सहज स्वीकारलं हिनं. मलाही बरं वाटायचं. तुमचं मला माहीत असतं तर मी त्याच पायरीवर तिला सांगितलं असतं. माझं तिला माहीत असतं तर तिनं स्वतःला असं दोषी धरलं नसतं. आपण दोघं एकेक गोष्ट गिळून बसलो आणि मध्ये ती.

सासरे : तुम्ही शिकलेली माणसं, बरोबर मांडता. मला एवढंच कळतं की ती मला शेवटपर्यंत 'बाबा, जेवलात का' विचारत राहिली.

जावई : मी काही शिकलेला नाही. तारा ओढतो. आणि मघाशी मला 'तू' म्हणालात ते बरं वाटलं. तूच म्हणा.

सासरे : ते रागात गेलं तोंडून.

जावई : तरी.

सासरे : आता ह्या कागदाचं काय करायचं? खरं वर्ष घातलं तर कुणीतरी वजाबाकी करणार. बारा वर्षांखालची विजेती आणि तेव्हा तेरा वर्षांची. भिंतीवर पाटी लागेल आणि लोक खाली उभे राहून म्हणतील, लबाड होती. ती गेल्यावर तिला लबाड म्हणून घ्यायचं? माझ्यामुळे?

जावई : आणि खोटं घातलं तर तिच्याच कोर्टावर, ज्या मुलांचे दाखले ती तपासायची त्यांच्यासमोर, रोज ते लटकत राहणार.

सासरे : मग?

जावई : वर्षं काढून टाकू. दोन्ही. आणि विजेती वगैरेही काढू.

सासरे : विजेती काढायचं? चौदा वर्षांखालीसुद्धा?

जावई : तेव्हाही ती सोळाला टेकली होती ना?

सासरे : होती. पण मग राहिलं काय पाटीवर?

जावई : नाव. आणि खाली, 'येथे मुलांना टेनिस शिकवीत असे.' तेवढं सगळं खरं आहे.

सासरे : एवढीशी पाटी?

जावई : तीही एवढीशीच होती.

सासरे : चष्मा लावतो. द्या ते पेन. कुठून कुठपर्यंत खोडू?

जावई : इथून... इथपर्यंत. पट्टी देऊ?

सासरे : मला पट्टी देतोस? चाळीस वर्षं दोरीशिवाय रेघा मारल्यात मी. हं. झालं. सेक्रेटरी विचारेल, असं का?

जावई : सांगा, जावयानं सांगितलं.

सासरे : नाही. मीच सांगेन काय ते. मी कोर्टावर होतो तेव्हा तो चड्डीत होता.

जावई : निघालात? थोडं बसा. घरी जाऊन तरी काय करणार आहात?

सासरे : तेही खरं. ते यंत्रावर काय लावलंय? कुणाची रॅकेट?

जावई : तिची.

सासरे : ती कुठे खेळत होती आता?

जावई : खेळणार होती. चाळीसच्या वरच्या बायकांचा गट असतो, त्यात. मी म्हटलं, तुला कुठे झालीत चाळीस? अजून आठ महिने आहेत. हसली आणि म्हणाली, 'सव्वा वर्ष थांबलेय, आणखी आठ महिने थांबेन.' सव्वा वर्ष कसलं, ते मी विचारलंच नाही.

सासरे : खऱ्या वयानं सव्वा वर्षापूर्वीच खेळली असती ती.

जावई : कागद आडवा आला ना. तेव्हा खोट्यावर पुढे गेली, आता खोट्यावरच मागे थांबत होती. तर त्या दिवशी पहाटे कोर्टावर जाताना रॅकेट घेऊन खाली आली. म्हणाली, मला संध्याकाळी हवीय. आणि यंत्रापाशी आली, स्वतःच्या हातानं ताणाचा काटा चोवीसवर फिरवून ठेवला. सोळा वर्षांत तिनं ह्या यंत्राला हात लावला नव्हता.

सासरे : म्हणजे तिला माहीत होतं.

जावई : माहीत नाही.

सासरे : अरे, असणारच. नाहीतर काट्याला हात कशाला लावेल?

जावई : माहीत नाही, बाबा. तिनं काटा लावला, माझ्याकडे बघितलं आणि निघाली. मी ठरवलं, आज संध्याकाळी रॅकेट हातात देताना सगळं सांगून टाकायचं आणि हेही विचारायचं. कामाला बसलो. साडेसातला फोन आला.

सासरे : तेव्हापासून तशीच आहे ही?

जावई : हो.

सासरे : अर्धवट ठेवली तर चौकट वाकडी होते, असं तूच सांगायचास ना पोरांना?

जावई : होते.

सासरे : मग?

जावई : उभ्या तारा भरून झाल्यात. आडव्या राहिल्यात. त्या आता चोवीसनंच भरतो.